वॉरंट नसले तरी नोंद हवी

हुपरीच्या एखाद्या चांदी व्यापाऱ्याचे उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. पुण्यातील प्रदर्शन आटोपून वडील, आई आणि मुलगा रात्री मोटारीने गावाकडे परतत आहेत. डिकीत दोन पेट्या आहेत. त्यांत पैंजण, जोडवी आणि करदोडे असा सुमारे दहा लाख रुपयांचा माल आहे. त्यातला काही स्वतःचा, काही कारागिरांकडून विश्वासावर आणलेला. महामार्गावर नाकाबंदी लागलेली दिसते. बॅटरीचा झोत काचेवर पडतो आणि हवालदार सांगतो, "काका, गाडी बाजूला घ्या. डिकी उघडा."

त्या क्षणी गाडीतील तिघांच्या मनात तीन वेगळ्या गोष्टी येतात. मुलाच्या ओठांवर प्रश्न येतो, "वॉरंट आहे का?" वडिलांचा हात नकळत खिशाकडे जातो; काही नोटा पुढे केल्या की सुटका होईल असे त्यांना वाटते. मागे बसलेल्या आईच्या मनात शंका येते की हे पोलीस खरे तरी आहेत का. व्यापारानिमित्त सतत प्रवास करणाऱ्या घरांना हे तिन्ही विचार अपरिचित नाहीत. कायदा या तिघांना काय उत्तर देतो, हे प्रत्येक कुटुंबाने एकदा शांतपणे समजून घ्यावे असे आहे.

मुलाचा प्रश्न

पोलिसांना झडतीसाठी न्यायालयाचे वॉरंट लागतेच, असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. १ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. या संहितेत 'ठिकाण' या शब्दाची व्याख्या आहे आणि त्या व्याख्येत घर, इमारत, तंबू यांच्याबरोबर वाहनाचाही समावेश आहे. जुन्या संहितेतही ती अशीच होती. म्हणजे घराच्या झडतीला जे नियम, तेच साधारणपणे मोटारीच्या झडतीलाही लागू होतात.

या संहितेचे कलम १८५, म्हणजे पूर्वीचे कलम १६५, पोलिसांना वॉरंटशिवाय झडती घेण्याचा अधिकार देते. मात्र तो मोकळा अधिकार नव्हे. एखाद्या गुन्ह्याचा तपास चालू असला पाहिजे. तपासाला आवश्यक असलेली वस्तू त्या ठिकाणी सापडेल असे मानायला वाजवी कारण असले पाहिजे. विनाकारण विलंब न होता ती वस्तू दुसऱ्या मार्गाने मिळणार नाही, असे अधिकाऱ्याचे मत झाले पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही कारणे, तसेच शक्य तोवर शोधावयाच्या वस्तूचे वर्णन, त्याने झडतीपूर्वी केस डायरीत लिहून ठेवले पाहिजे. या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावी लागते. ज्याच्या ठिकाणाची झडती झाली त्याने अर्ज केल्यास ती प्रत त्याला दंडाधिकाऱ्यांकडून विनामूल्य मिळते.

झडती कशी घ्यावी हे कलम १०३ सांगते. त्या परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित पंच हजर हवेत. जप्त वस्तूंची यादी तयार करून तिच्यावर पंचांच्या सह्या हव्यात. ज्याच्या ताब्यातील ठिकाण आहे त्याला झडतीच्या वेळी समोर उभे राहू दिले पाहिजे आणि यादीची प्रत दिली पाहिजे. स्त्रीच्या अंगझडतीची वेळ आली तर ती दुसऱ्या स्त्रीनेच, सभ्यतेचे पूर्ण भान ठेवून घ्यावयाची असते. नव्या संहितेने कलम १०५ मध्ये आणखी एक मोठी भर घातली आहे. झडतीचे, जप्तीचे आणि यादीवर सह्या होण्याचे ध्वनिचित्रमुद्रण करणे आता आवश्यक आहे. ते शक्यतो मोबाइलवर करावे आणि विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे, असे कायदाच म्हणतो.

तेव्हा मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे की वॉरंट नसले म्हणून झडती बेकायदा ठरत नाही. पण नोंद नसेल तर तिच्या वैधतेवर प्रश्न निश्चित उभा राहतो. व्यापारी घराला ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. रोजमेळात जमाखर्च लिहिल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असे आपण मानत नाही. झडतीचेही तसेच आहे.

नाक्यावरील तपासणी आणि झडती

नाक्यावर दर वेळी एखाद्या गुन्ह्याचा तपास चालू असतोच असे नाही. तेथे बहुधा कागदपत्रांची तपासणी असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३० नुसार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास चालकाने परवाना दाखवला पाहिजे. नोंदणी व विम्याचे कागदही अधिकृत अधिकाऱ्याने मागितल्यास दाखवावे लागतात. ते डिजिलॉकरमध्ये असले तरी ग्राह्य धरले जातात. ही तपासणी झाली. तिला झडती म्हणता येणार नाही.

डिकी उघडून पेट्या तपासणे ही पुढची पायरी. तिला वेगळा आधार लागतो आणि तो निरनिराळ्या कायद्यांत आहे. रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी एखाद्याजवळ चोरीचा माल असल्याचा प्रामाणिक संशय आला, तर तो माल तपासून त्याचा खुलासा मागण्याचा अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ पोलिसांना देतो. खुलासा उघड खोटा किंवा संशयास्पद वाटला तर माल अडवून दंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. अमली पदार्थ, दारूबंदी, शस्त्रे, सीमाशुल्क यांच्या कायद्यांत झडतीचे स्वतंत्र अधिकार आणि त्यांच्या स्वतंत्र अटी आहेत. शिवाय संहितेच्या कलम १०६ नुसार चोरीची असल्याचा संशय असलेली, किंवा गुन्ह्याचा संशय निर्माण करणाऱ्या परिस्थितीत सापडलेली वस्तू कोणताही पोलीस अधिकारी जप्त करू शकतो. मात्र त्याने त्या जप्तीचा अहवाल दंडाधिकाऱ्यांना दिला पाहिजे.

येथे व्यापाऱ्याच्या दृष्टीने कळीचा शब्द आहे 'खुलासा'. दहा लाखांची चांदी जवळ असणे हा गुन्हा नाही. ती कोठून आली आणि कोठे चालली, याचा कागद जवळ नसेल तर मात्र संशयाला जागा मिळते. बिल किंवा चलन पेटीजवळच असेल, तर खुलासा दोन मिनिटांत संपतो.

जीएसटीचा अधिकारी वेगळा

पोलीस आणि जीएसटी अधिकारी यांच्या अधिकारांची अनेकदा गल्लत होते. मालवाहतुकीतील करविषयक कागद तपासण्याचा अधिकार केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ६८ नुसार अधिकृत केलेल्या जीएसटी अधिकाऱ्याला आहे. पोलिसांनी त्याला साहाय्य करावे असे कायदा सांगतो. पण नाक्यावरील हवालदार कराची आकारणी करू शकत नाही किंवा दंडाचा आकडा ठरवू शकत नाही.

राज्याबाहेर जाणारा ५० हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीचा माल असेल तर ई-वे बिल लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख रुपयांची आहे. सोन्याचांदीच्या दागिन्यांना केंद्रीय नियमांत ई-वे बिलातून सूट आहे. नकली दागिन्यांना ती नाही, आणि काही राज्यांनी सोन्यासाठी आपले वेगळे नियम केले आहेत. पण ई-वे बिल लागत नाही याचा अर्थ बिलच लागत नाही, असा काढू नये. माल विकलेला असेल तर टॅक्स इन्व्हॉइस हवे. तो प्रदर्शनासाठी, पसंतीसाठी किंवा कारागिराकडे मजुरीच्या कामासाठी नेला असेल तर डिलिव्हरी चलन हवे. 'घरचाच माल आहे' हे तोंडी उत्तर येथे उपयोगी पडत नाही.

कागद नसल्याची किंमत किती, हे हुपरीच्याच उदाहरणाने पाहू. दहा लाखांच्या दागिन्यांवर ३ टक्के दराने कर होतो ३० हजार. कागदपत्रांत गंभीर दोष आढळून माल अडवला गेला आणि मालक पुढे आला, तर कलम १२९ नुसार दंड कराच्या २०० टक्के, म्हणजे ६० हजार. मालक पुढे आला नाही तर मालाच्या किमतीच्या ५० टक्के किंवा कराच्या २०० टक्के यांपैकी जी रक्कम जास्त ती. म्हणजे येथे पाच लाख. ३१ डिसेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार मालासोबत बिल असेल तर माल पाठवणारा किंवा घेणारा मालक मानला जातो. एका कागदाने साठ हजार आणि पाच लाख यांतला फरक पडतो, तो असा. किरकोळ लेखनदोषासाठी मात्र एवढा दंड लावायचा नाही, असे १४ सप्टेंबर २०१८ चे परिपत्रक स्पष्ट करते.

अधिकाऱ्याने तपासणी केल्यावर तिचा प्राथमिक अहवाल २४ तासांत ऑनलाइन भरायचा असतो. एकदा राज्यात मालाची प्रत्यक्ष तपासणी झाली, की करचुकवेगिरीची निश्चित माहिती मिळाल्याखेरीज त्याच प्रवासात त्याच राज्यात पुन्हा तशी तपासणी होत नाही. गाडी ३० मिनिटांहून अधिक काळ अडवली गेली तर वाहतूकदार पोर्टलवर त्याची नोंद करू शकतो.

निवडणुकीच्या दिवसांतील रोकड

आचारसंहिता लागली की व्यापाऱ्यांमध्ये एक वाक्य फिरू लागते: पन्नास हजारांपेक्षा जास्त रोख नेता येत नाही. निवडणूक आयोगाच्या कार्यपद्धतीत हा आकडा आहे खरा, पण तो सरसकट सर्वांसाठी नाही. उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा पक्षाचा कार्यकर्ता ज्या वाहनात आहे, अशा वाहनातील ५० हजारांवरील रोकड, किंवा मतदारांना प्रलोभन म्हणून वापरता येतील अशा १० हजारांवरील भेटवस्तू जप्तीस पात्र ठरतात. वाहनात १० लाखांपेक्षा जास्त रोकड सापडली, पण गुन्ह्याचा किंवा उमेदवार वा पक्षाशी संबंधाचा संशय नसेल, तर पथकाने ती जप्त न करता प्राप्तिकर विभागाला कळवावयाचे असते. या तपासण्यांचेही चित्रीकरण करावयाचे असते.

तरीही रक्कम अडकली तर जिल्हा पातळीवर तीन अधिकाऱ्यांची समिती असते. जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा निवडणूक कार्यालयातील खर्च नियंत्रणाचे नोडल अधिकारी आणि जिल्हा कोषागार अधिकारी हे तिचे सदस्य. गुन्हा नोंदलेला नसेल आणि उमेदवाराशी संबंध नसेल, तर रक्कम सोडण्याचा आदेश ही समिती देते. मतदानानंतर सात दिवसांपेक्षा जास्त काळ असे प्रकरण प्रलंबित ठेवावयाचे नाही. समितीपुढे चालते ते बँकेतून पैसे काढल्याची नोंद, रोजमेळाची प्रत, विक्रीची बिले, भरणा स्लिप. रोकड घेऊन निघताना या कागदांची एक झेरॉक्स सोबत ठेवली, तर बरीच धावपळ वाचते.

वडिलांचा हात

खिशाकडे जाणारा हात हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेला आहे. वेळ वाचावा, कटकट टळावी, कुटुंब सुखरूप घरी पोहोचावे, एवढाच त्यामागे हेतू असतो. पण २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणारासुद्धा गुन्हेगार ठरतो आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. सक्तीने लाच द्यावी लागली, तर सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा दूरध्वनी क्रमांक १०६४ आहे.

याखेरीज एक व्यावहारिक गोष्ट आहे. ज्याचे कागद पुरे आहेत त्याने पैसे पुढे केले, तर समोरच्याचा संशय कमी न होता वाढतो. पुऱ्या कागदांच्या बळावर जे सहज सुटले असते, ते त्या नोटेमुळे अडकते.

आईची शंका

सराफांना आणि अंगडियांच्या माणसांना तोतया पोलिसांनी लुटल्याच्या बातम्या वाचलेल्या कोणाही गृहिणीला ही भीती वाटणे साहजिक आहे. गणवेश, छातीवरील नावाची पट्टी आणि ओळखपत्र पाहण्याची विनंती करण्यात काहीही अवमान नाही. साध्या वेशातील माणसे अंधारात गाडी थांबवू पाहत असतील, तर ११२ क्रमांकावर फोन करून तेथे खरोखर पथक आहे का, हे विचारता येते. "साहेब, पुढच्या टोलनाक्यावर उजेडात थांबतो" किंवा "आपण पोलीस ठाण्यातच जाऊ" हे शांतपणे सांगावे. खऱ्या अधिकाऱ्याला ठाण्याची आणि पंचांची अडचण वाटत नाही. तोतयाला या दोन्ही गोष्टी नको असतात. पेटी दुसऱ्या वाहनात ठेवायला किंवा कुटुंबातील कोणा एकाला वेगळे न्यायला मात्र संमती देऊ नये.

माल जप्त झाला तर

जप्ती झालीच तर वाद घालण्यापेक्षा यादीकडे लक्ष द्यावे. 'चांदीचे दागिने, दोन पेट्या' एवढी नोंद पुरेशी नाही. नग किती, एकूण वजन किती, पेटीचे वजन वजा जाता निव्वळ किती, शिक्के कोणते, हे काट्यावर मोजून पंचनाम्यात यावे. सोनेतारणाच्या व्यवहारात जी काळजी घेतली जाते, तीच येथे घ्यावी. यादी वाचल्याशिवाय सही करू नये आणि प्रत मागून घ्यावी.

जप्त मुद्देमाल परत मिळण्यासाठी संहितेच्या कलम ४९७ व ५०३ नुसार न्यायालयात अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात स्पष्ट केले, की दागिने, रोकड, वाहने पोलीस ठाण्यात दीर्घकाळ पडून राहू नयेत. तपशीलवार पंचनामा, छायाचित्रे आणि हमीपत्र घेऊन ती हक्कदाराच्या ताब्यात द्यावीत आणि साधारणपणे पंधरा दिवस ते एक महिना याहून अधिक काळ ती ठाण्यात ठेवू नयेत. वकिलाला भेटताना हा निर्णय आठवणीने सांगावा. मालाची बिले ज्याच्या नावावर, त्याचाच अर्ज सुलभ होतो, हेही ध्यानात ठेवावे.

झडतीच नियमबाह्य असेल तर? १९५९ मध्ये राजस्थानातून आलेल्या, तंबाखूवरील अबकारीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कारणे न लिहिता घेतलेली झडती कायद्याला धरून नाही असे ठरवले. दुसरीकडे, १९७४ च्या निकालसंग्रहांत आलेला पूरणमल निर्णय सांगतो, की झडतीत दोष असला तरी केवळ त्या कारणाने सापडलेला पुरावा बाद होत नाही. हे दोन्ही निर्णय एकत्र वाचले की अर्थ उघड होतो. तांत्रिक चुकीवर विसंबून कोणी निर्धास्त राहू नये. आणि अन्याय झाला असेल तर गप्पही बसू नये. पोलीस अधीक्षक, दंडाधिकारी आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण हे तक्रारीचे मार्ग आहेत. त्रास देण्याच्या हेतूने, विनाकारण घेतलेली झडती हा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली पोलिसाचाही अपराध ठरतो. रस्त्यावर मात्र हातघाई नको. सरकारी कामात बळाने अडथळा आणल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली नोंदला जाऊ शकतो, आणि मग मूळ प्रश्न बाजूला राहतो.

श्रावकाचे व्रत आणि गाडीतील फाइल

आपल्या परंपरेत अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी एक 'विरुद्धराज्यातिक्रम', म्हणजे राज्याने घातलेले निर्बंध ओलांडून व्यवहार करणे. चोरीचा माल घेणे आणि खोटी वजनमापे वापरणे हेही त्याच मालिकेत येतात. शेकडो वर्षांपूर्वी आचार्यांनी व्यापाऱ्याचा रस्ता किती जवळून पाहिला होता, हे यावरून दिसते. बिलाशिवाय माल नेणे ही आज अनेकांना केवळ सोय वाटते. व्रताच्या भाषेत तो दोष आहे.

प्रत्येक गाडीत एक फाइल असावी. तिच्यात इन्व्हॉइस किंवा चलन, लागू असेल तेथे ई-वे बिल, जीएसटी नोंदणीची प्रत, रोकड असल्यास बँकेची नोंद, प्रदर्शनाचे निमंत्रणपत्र, आणि वकील व कर सल्लागार यांचे दूरध्वनी क्रमांक असावेत. गाडी चालवणाऱ्या मुलाला आणि मागे बसणाऱ्या आईलाही ती फाइल कोठे आहे हे ठाऊक असावे.

मग त्या रात्रीच्या नाक्यावर प्रसंग वेगळ्या रीतीने घडू शकतो. वडील खाली उतरतात, डिकी उघडतात आणि म्हणतात, "साहेब, जरूर पाहा. हे प्रदर्शनाचे चलन, ही यादी. पेट्या उघडताना आम्ही समोर उभे राहतो. मोबाइलवर चित्रीकरण करा, आणि काही ताब्यात घ्यायचे असेल तर पंचनामा करू." हवालदार चलनावरील वजन आणि नग पेटीवरच्या चिठ्ठीशी ताडून पाहतो, गाडीचा क्रमांक नोंदवहीत लिहितो आणि हाताने पुढे जाण्याची खूण करतो. मुलगा गाडी सुरू करतो. आई फाइल पुन्हा पुढच्या कप्प्यात ठेवते.